पाट्या वाचत अक्षर शिकलेला कवी: वामनदादा कर्डकांच्या गाण्यामागचा इतिहास

शिवडीच्या बीडीडी चाळीत एकदा एका माणसाने एका तरुणापुढे पत्र धरलं आणि म्हणाला, एवढं वाचून दाखव. तरुण विशीतला, धट्टाकट्टा, लाठी-लेझमीत तरबेज. पण त्याला अक्षरओळखच नव्हती. पत्र परत करताना त्याला रडू कोसळलं. त्यानंतर चाळीतल्या देहलवी मास्तरांनी त्याच्याकडून बाराखडी गिरवून घेतली. जोडाक्षरांचे धडे मात्र त्याने रस्त्यावर घेतले. कामाला जाता-येता दुकानांच्या पाट्यांपुढे तो थांबायचा, अक्षराला अक्षर जोडायचा आणि पुढच्या पाटीकडे वळायचा. हा तरुण म्हणजे वामन तबाजी कर्डक. पुढे महाराष्ट्राने त्याला वामनदादा म्हटलं.

त्यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. सिन्नरचा हा पट्टा कोरडवाहू. महार कुटुंबातलं पोर, गुरांमागे हिंडण्यात बालपण गेलं, शाळेचं तोंड पाहिलं नाही. मग मुंबई. कोळशाची वखार, खडी फोडणं, चिक्की विकणं, जे मिळेल ते काम. १९४३ मध्ये त्यांनी पहिलं गाणं रचलं. एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवरचं ते विडंबन होतं. ऐकणारे हसले आणि त्यांनी ते पुन्हा म्हणायला लावलं. आपण रचलेले शब्द लोक दुसऱ्यांदा मागतात, हे तेव्हा त्यांना कळलं. १५ मे २००४ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं. मधली साठ वर्षं ते गात, लिहीत आणि फिरत राहिले. त्यांच्या गाण्यांची गणती हजारोंच्या घरात जाते.

दलित साहित्याचा इतिहास सांगताना आपण साधारणपणे पुस्तकांची नावं घेतो. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ चा, नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ चा, दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ चं. ही पुस्तकं मराठीचा चेहरामोहरा बदलणारी आहेत, यात शंका नाही. पण ती ज्या वस्त्यांतून आली, तिथे पुस्तक घरात यायच्या कितीतरी आधी गाणं आलं होतं. या लेखकांच्या आईबापांना सही करता येत नव्हती, तेव्हाही महाड, काळाराम, येवला ही बाबासाहेब आंबेडकरांच्या लढ्यांची नावं त्यांच्या तोंडी होती आणि त्यांचा अर्थ त्यांना ठाऊक होता. तो कानांवाटे आला होता. त्या कानांवाटे आलेल्या शिक्षणाचा इतिहास साहित्याच्या इतिहासात ज्या मानाने यायला हवा, त्या मानाने आला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. वामनदादा कुठून आले हे समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

फार मागे गेलं तर चोखोबा भेटतात. चौदाव्या शतकातले मंगळवेढ्याचे चोखामेळा. ऊस डोंगा असला तरी रस डोंगा नसतो, असं ते सांगत होते. रचनेच्या शेवटी ‘चोखा म्हणे’ असं ते म्हणतात आणि देवळाबाहेर उभ्या केलेल्या माणसाचं नाव ओळीत कायमचं बसतं. बाबासाहेबांनी १९४८ मधला अस्पृश्यांविषयीचा आपला इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला. पण चोखोबांची परंपरा विनवणीची होती. हक्क मागणाऱ्या गाण्याला दुसरी वाट हवी होती. ती सापडली तमाशात, आणि तिथेच एक मोठा पेचही होता.

तमाशा महार-मांगांच्या कलावंतांनी जगवला. ढोलकी त्यांची, हलगी त्यांची, गळाही त्यांचाच. पण त्या कलेला जातीचा शिक्का होता आणि त्यातल्या बाईच्या नाचण्याकडे गावचे पुढारी कोणत्या नजरेने बघत, हे सांगायला नको. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात पठ्ठे बापूरावांनी आपल्या तमाशाच्या खेळांचं उत्पन्न सत्याग्रहाला देऊ केलं आणि बाबासाहेबांनी ते घेतलं नाही. बाया नाचवून मिळवलेल्या पैशावर ही लढाई लढायची नाही, असा त्यामागचा विचार होता, अशी हकिगत बाबासाहेबांच्या चरित्रात येते. बापूराव स्वतः ब्राह्मण घरातले, तमाशासाठी जात सोडलेले, तरीही नकार आला. मला ही हकिगत फार महत्त्वाची वाटते. पैसे तर नाकारले. पण मग ढोलकीचं काय करायचं? हजारो लोकांना रात्रभर जागवण्याची ताकद त्या ढोलकीत होती. ती टाकून देणं चळवळीला परवडणारं नव्हतं.

उत्तर आधीच शोधलेलं होतं. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांचा पवाडा लिहिला आणि शाहिरी ही कुळवाड्यांच्या इतिहासाची भाषा होऊ शकते हे दाखवून दिलं. २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि पुढे त्या विचाराचे जलसे गावोगाव फिरू लागले. या मंडळींनी तमाशाचा साचा ठेवला आणि आतलं सगळं बदललं. तमाशा गणाने, म्हणजे गणपतीच्या स्तवनाने, सुरू होतो. सत्यशोधकांनी गणपतीचा अर्थच ‘गणांचा पती’, म्हणजे लोकांचा नायक, असा लावला. नंतरच्या गौळणीत कृष्ण आणि गवळणींची छेडछाड असायची, तिथे भटभिक्षुकी, सावकारी, मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न आला. सोंगाड्या पूर्वी पाटलाची टिंगल करायचा, आता तो मुहूर्त काढणाऱ्याला प्रश्न विचारू लागला. शेवटी वग, म्हणजे नाट्य. तोही कर्जापायी जमीन गेलेल्या कुणब्याचा. लावणी गाळली. बाईच्या भूमिका पुरुषच करत. खेळ ओळखीचा वाटायचा म्हणून लोक बसायचे आणि उठायचे ते काहीतरी वेगळंच घेऊन.

या साच्यातून आंबेडकरी जलसा घडला. २० मार्च १९२७ चं चवदार तळं, त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला महाडलाच झालेलं मनुस्मृतीचं दहन, २ मार्च १९३० पासून नाशकात सुरू झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह, १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची धर्मांतराची घोषणा. या घटना वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांसाठी नव्हत्या, ज्यांच्यासाठी होत्या त्यांना वाचता येत नव्हतं. ती दरी जलशांनी भरून काढली. त्यात सगळ्यात गाजलेलं नाव भीमराव धोंडिबा कर्डकांचं. हेही नाशिक जिल्ह्याचेच. आडनावामुळे पुष्कळ जण दोघा कर्डकांची गल्लत करतात, म्हणून इथेच सांगून टाकतो. भीमराव हे आधीच्या पिढीतले जलसाकार, वामनदादा पुढच्या पिढीतले गीतकार. भीमरावांनी १९७८ मध्ये आंबेडकरी जलशांचं स्वरूप आणि कार्य सांगणारं पुस्तक लिहिलं. ते नसतं तर या रात्रींचं फारसं काही उरलं नसतं.

जलसा म्हणजे दहाबारा माणसं. ढोलकी, तुणतुणं, झांज, पेटी आणि मागे झील, म्हणजे साथीचा सूर, धरणारे. गॅसबत्तीच्या उजेडात, महारवाड्याच्या मोकळ्या जागेत. मेलेलं जनावर ओढू नका, त्याचं मांस खाऊ नका, पोरांना शाळेत घाला, दारू सोडा, देवाला बकरं कापून कर्ज काढू नका. आज हे वाचताना साधा उपदेश वाटेल. पण बलुत्यावर जगणाऱ्या घराने मेलेलं ढोर ओढायला नकार द्यायचा, म्हणजे गावाशी वैर घ्यायचं. दुसऱ्या दिवशी दुकानदार मीठ देत नसे. ते धैर्य एकट्यादुकट्याला होत नाही, सगळी वस्ती एका सुरात आली तर होतं. जलशाने ते केलं. आपल्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा बरोबरीचे, असं बाबासाहेब म्हणाल्याची आठवण जलशाच्या मंडळींत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष निघाला, १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आलं, आणि सभेच्या आधी गर्दी जमवून तिला विषयाची गोडी लावण्याचं काम गाणाऱ्यांकडेच राहिलं.

याच हवेत वामनदादा मुंबईत वाढले. दिवसा हमाली, संध्याकाळी समता सैनिक दल, रात्री जलसे. गिरणगावात तेव्हा लाल बावट्याचीही शाहिरी गाजत होती. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकरांनी लाल बावटा कलापथक काढलं होतं. अण्णा भाऊही दीड दिवसाच्या शाळेतले. शाहिरीतून ते कथा-कादंबरीकडे गेले, ‘फकिरा’ १९५९ मध्ये आली आणि साहित्याने त्यांची दखल घेतली, उशिरा का होईना. वामनदादा गाण्यातच राहिले, आणि गाण्याला दखल मिळायला जास्त वेळ लागतो.

१४ ऑक्टोबर १९५६. नागपुरात लाखोंनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. जेमतेम दोन महिन्यांत, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. आंबेडकरी गाण्याच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं वळण हे आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने घरी येऊन देव्हारा मोकळा केला. खंडोबा गेला, मरीआई गेली, म्हसोबा गेला. पण त्यांच्याबरोबर गाणीही गेली. जागरण नाही, गोंधळ नाही, पोतराजाचा कडाका नाही. लग्नात मंगलाष्टकं कुठली म्हणायची? बारशाला पाळणा कुणाचा गायचा? माणूस गेल्यावर रात्रभर भजनाला बसायचं तर भजन कोणतं? ज्यांच्या आयुष्यातला प्रत्येक प्रसंग गाण्याने बांधलेला होता, अशा समाजाने एका दिवसात जुनी गाणी खाली ठेवली होती. वर आभाळाएवढं दुःख.

ती पोकळी ग्रंथांनी भरली असती असं मला वाटत नाही. ती भरली गीतकारांनी. पाळण्यात सिद्धार्थ आला, मग भिवा, म्हणजे लहानपणचे बाबासाहेब, आला. लग्नाच्या मांडवात बुद्ध-भीमगीतं आली. बाबासाहेबांच्या पत्नी रमाईवरची गाणी आली आणि शेण थापणाऱ्या, गोवऱ्या विकणाऱ्या रमाईत बायांना आपलंच आयुष्य दिसलं. जलशाचा लांबलचक वग हळूहळू मागे पडला आणि ‘गायन पार्टी’ नावाची नवी गोष्ट उभी राहिली. एक गायक, पेटी, ढोलक, बेंजो, कोरसला दोघंतिघं. पुढे कव्वालीचे सामने लागू लागले, दोन पार्ट्या समोरासमोर, सवाल-जवाब पहाटेपर्यंत. या पार्ट्यांना सतत नवीन गाणी लागत. विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे, श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर असे एकेक भारदस्त गळे होते. आणि गाणी पुरवणाऱ्यांत वामनदादांचा हात कोणी धरू शकत नव्हतं.

गाण्यांच्या त्या चोपड्या ज्यांनी हाताळल्या आहेत, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. सोळा किंवा चोवीस पानं, रद्दीसारखा कागद, दोन टाचण्या, निळं मुखपृष्ठ, त्यावर बाबासाहेबांचा चष्म्यातला चेहरा. चैत्यभूमीला सहा डिसेंबरला आणि दीक्षाभूमीला दसऱ्याला फुटपाथवर या चोपड्यांचे ढीग लागायचे, अजूनही लागतात. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘चाल’ असं लिहून पुढे एखाद्या गाजलेल्या सिनेमातल्या गाण्याची सुरुवात छापलेली. तीच त्या गाण्याची स्वरलिपी. ज्याला पेटीवर सा कुठे आहे हे माहीत नाही, तोही ती ओळ वाचून गाणं म्हणू शके. आमच्या घरात अशा चार चोपड्या पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाच्या खाली ठेवलेल्या असत. वाचायला येणारा मी एकटाच. मी वाचायचो आणि आजी दुसऱ्या ओळीपासून पाठ म्हणायची, पुष्कळदा छापलेल्यापेक्षा बरोबर.

सिनेमाच्या चालीवर लिहिलेलं, म्हणून पुष्कळ समीक्षकांनी हे सगळं सवंग ठरवलं. त्यांनी थोडं थांबून ऐकायला हवं होतं. वामनदादांचं सगळ्यात गाजलेलं गाणं घ्या: ‘भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते’. शाळेत पाठ केलेल्या ‘सारे जहाँ से अच्छा’च्या चालीत ही ओळ म्हणून बघा. एक मात्रा इकडची तिकडे होत नाही. गागालगा लगागा, गागालगा लगागा. गा म्हणजे गुरू (दोन मात्रा), ल म्हणजे लघु (एक). मराठीत या वृत्ताला आनंदकंद म्हणतात. पुढच्या ओळीत तलवारीचं टोक येतं, ‘लोक’ला ‘टोक’ जुळतं आणि ‘असते’ दोन्हीकडे जागचं हलत नाही. म्हणजे काफिया (यमक) आहे, रदीफ (यमकानंतर तसाच परतणारा शब्द) आहे, वृत्त आहे. गझलेचा मतला, म्हणजे पहिला शेर, म्हणतात तो हाच. जोडाक्षरं दुकानांच्या पाट्यांवर शिकलेल्या माणसाने हे वृत्त कुठे शिकलं असेल? कव्वालीच्या सामन्यांत, सिनेमाच्या गाण्यांत, कानाने. मराठी गझलेच्या चर्चेत सुरेश भटांचं नाव पहिलं येतं आणि ते योग्यच आहे. बाबासाहेबांना वंदन करणारं भटांचं गीतही बौद्ध समाजात घरोघरी म्हटलं जातं. पण हा साचा वस्तीतल्या माणसाच्या ओठावर बसवण्याचं काम गायन पार्ट्यांनी केलं, हेही त्याच चर्चेत यायला हवं.

आणि आता अर्थ. हे गाणं जयंतीला हटकून लागतं आणि लोक त्यावर नाचतातही. पण ते स्तुतीचं गाणंच नाही. ते आरोपपत्र आहे. लाखो अनुयायी असताना कवी पाच मागतोय, आणि तेवढेही नाहीत असं सांगतोय. पुढे तो म्हणतो, भीम बोलण्यात आहे, करणीत असता तर गोष्ट वेगळी झाली असती. रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ ला स्थापन झाला आणि थोड्याच वर्षांत त्याचे तुकडे झाले. एका झेंड्याखाली आलेली माणसं पुढाऱ्यांच्या नावांनी ओळखली जाऊ लागली. ज्या मंचावर ते पुढारी हार घालून बसत, त्याच मंचावर हे गाणं गायलं जाई आणि समोरची गर्दी पुन्हा पुन्हा मागे. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेतल्या भाषणात राजकारणातल्या विभूतिपूजेविरुद्ध इशारा दिला होता. भीमगीतांवर भक्तीचा आक्षेप घेतला जातो. काही गाण्यांच्या बाबतीत तो खरा आहे, मी नाकारणार नाही. पण या एका गाण्यापुढे तो टिकत नाही.

दुसरं गाणं याहून साधं आणि याहून धारदार. ‘सांगा आम्हाला बिर्ला बाटा टाटा कुठाय हो’. बाटा, टाटा, मग साठा, मग वाटा. एका ‘टा’वर सगळं तोललंय. धनाचा साठा कुठे आहे आणि त्यात आमचा वाटा कुठे आहे, एवढाच प्रश्न. अर्थशास्त्रातल्या वाटपाचा हा प्रश्न शेतमजुराच्या बाईलाही दुसऱ्यांदा समजावून सांगावा लागत नाही. ‘कुठाय हो’ हे तर शेजारणीला हाक मारावी तसं आलंय. घोषणा म्हणून ते लिहिलं असतं तर पहिल्याच मोर्चात घसा बसला असता. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, माणसं हजारोंनी तुरुंगात गेली. जातीच्या प्रश्नाला जमिनीचा प्रश्न जोडणारी ही बाजू आपण नेहमी विसरतो. वामनदादांच्या गाण्यांत ती जागच्या जागी आहे.

इथवर मी एकट्या वामनदादांचंच बोललो, पण हे एकट्याचं काम नव्हतं. नागपूरकडे किसन फागूजी बनसोड्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून गाणी-कविता लिहून ठेवल्या होत्या, त्यांचं निधन १९४६ चं. पुढच्या पिढीत मुक्ताईनगरचे प्रतापसिंग बोदडे वामनदादांना गुरू मानत. त्यांची शिवराय आणि भीमराव या दोन राजांवरची ओळ आज रिक्षाच्या मागेही दिसते. आणि ज्यांना कुणी गीतकार म्हणत नाही, अशा बाया. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाहून जास्त भरल्या. त्यांत भीमरावांच्या ओव्यांचा वेगळा ढीग आहे. पहाटे तीनला उठून दळताना बाई बाबासाहेबांना भाऊ म्हणते, त्यांच्या गाडीची, कोटाची, रमाईच्या कुंकवाची ओवी गाते. गायन पार्टीचा मंच पुरुषांचा होता, जातं बाईचं होतं. रात्री मंचावरून ऐकलेलं पहाटे जात्यावर दुसऱ्या शब्दांत बाहेर पडायचं.

आता साहित्याकडे येतो. २ मार्च १९५८ ला दादरला पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, उद्घाटक अण्णा भाऊ साठे. म्हणजे पहिल्याच मंचावर उभा होता तो शाहीर. पुढे औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरातून गंगाधर पानतावण्यांचं ‘अस्मितादर्श’ उभं राहिलं, २९ मे १९७२ ला मुंबईत दलित पँथर स्थापन झाली. या पिढीने मुक्तछंद स्वीकारला, गेय कविता मागे टाकली आणि काही जणांनी गाण्याकडे जरा खालच्या नजरेनेही पाहिलं. त्यांची गरज वेगळी होती, मी त्यांना दोष देत नाही. संताप गोड चालीत मावत नव्हता. पण त्या कवितेत जे बोलणं आहे, समोरच्याला उद्देशून ‘तुम्ही’ म्हणत बोट रोखून केलेलं बोलणं, ते छापील मराठी कवितेत एवढ्या सहजतेने कुठे होतं? सवाल-जवाबात होतं. वस्तीची भाषा लाज न बाळगता मोठ्याने उच्चारायची सवय कुठे लागली? लाउडस्पीकरपुढे. पुढे बेबी कांबळे, शांताबाई कांबळे, ऊर्मिला पवार यांच्या आत्मकथनांत जी ऐकवण्याची लय आहे, ती कागदावर जन्मलेली नाही.

वामनदादांचे स्वतःचे संग्रह ‘वाटचाल’, ‘मोहळ’, ‘हे गीत वामनाचे’ या नावांनी सत्तरच्या दशकात निघाले. नंतर ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे आत्मकथन आलं. १९९३ मध्ये वर्ध्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मात्र त्यांच्याकडे कधी आलं नाही. मराठीत सर्वाधिक तोंडांत बसलेल्या कवींपैकी एकाला तो मान सुचवावासा कुणाला वाटू नये, याचं मला आजही वाईट वाटतं.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा गाण्यांनी किती तोलून धरला, हे त्या काळात मराठवाड्यात राहिलेल्यांना विचारावं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने ठराव केला आणि मराठवाड्यात वस्त्या जळाल्या. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला. मधली साडेपंधरा वर्षं. मोर्चे, लाँग मार्च, तुरुंग, पुन्हा मोर्चे. एवढी वर्षं एका नावासाठी माणसं थकली नाहीत, याची कारणं अनेक असतील. दर एप्रिलला प्रत्येक वस्तीत रात्रभर चालणारं गाणं हे त्यातलं एक नक्की.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली. आनंद आणि मिलिंद शिंद्यांचा आवाज गल्लीगल्लीत पोचला, गाण्यांचा खप कधी नव्हे एवढा वाढला. गाणाऱ्याचं नाव वेष्टनावर ठळक, लिहिणाऱ्याचं बारीक, काही वेळा गायबच. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली आणि काही दिवसांत शाहीर विलास घोगरेंनी आपलं आयुष्य संपवलं. आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट तिथून सुरू होतो आणि या सगळ्या गाणाऱ्यांच्या मागोमाग जातो. संभाजी भगतांची शाहिरी, ‘कोर्ट’ चित्रपटातला तो म्हातारा लोकशाहीर, एकतारीवर गाणाऱ्या कडूबाई खरात, मोबाइलवर रॅप करणारी आजची पोरं. चाल बदलते. मंचाच्या कोपऱ्यात उभं राहून ‘दादांचं एक होऊ द्या’ अशी चिठ्ठी धाडणारा माणूस मात्र अजून तसाच आहे. चिठ्ठीला दहाची नोट टोचलेली असते, आता पन्नासाची.

दादा गाणी वाटत फिरले. कुणी मागितलं की लिहून द्यायचे, हाताशी असेल त्या कागदावर. मानधनाचा करार नाही, हक्काची नोंद नाही. बरीच गाणी अशीच दुसऱ्यांच्या वह्यांत गेली. एकच गोष्ट त्यांनी चोखोबा-तुकोबांकडून घेतली होती आणि गझलेकडूनही: शेवटच्या कडव्यात आपलं नाव. ‘वामन’. वा एक गुरू, मन मिळून दुसरा. आनंदकंदात हे नाव ओळीच्या तोंडाशी बरोबर बसतं. गाणं आपल्या नावावर खपवू बघणाऱ्याला त्या जागी स्वतःचं नाव घालावं लागतं, आणि तिथे ‘प्रकाश’ किंवा ‘सुरेश’ घातलं की ढोलकी अडखळते. मागचा झीलकरी चमकून वर बघतो. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायांना वृत्ताचं नाव माहीत नसतं, पण तिथे काय यायला हवं होतं ते त्या बसल्या जागेवरून मोठ्याने सांगतात.